हुसेनचाचांच्या खाचा

“चाचाचा अंगठा गेला आता,” अण्णा म्हणाले.

“गेलाच की,” बापू म्हणाले. “वय काय कमी हाय व्हय? घरी बसवा त्यास्नी. त्यांचा मान बी ऱ्हाईल आन् आपला माल बी.”

त्यांच्या आणि माझ्यामध्ये प्लायवूडचं पार्टिशन होतं, वरून हातभर उघडं. मी टाइपरायटरवर होते. हात थांबले असते तर मी ऐकतेय हे त्यांना कळलं असतं, म्हणून टाइप करत राहिले. नंतर कागद काढून पाहिला, तर ‘आपले पत्र मिळाले’ हे एकच वाक्य इंग्रजीत पाच वेळा उमटलं होतं.

अण्णा म्हणजे आमच्या कारखान्याचे मालक, अण्णासाहेब चौगुले. बापू त्यांचे मेहुणे; बांधलेला माल गाडीवर चढवण्याचं काम त्यांच्याकडे. हुसेनचाचा आमच्याकडे कातडं पारखायचे. त्यांचा अंगठा जागच्या जागी होता, जाड आणि काळपट. पण कातड्यावरून फिरताना त्याला जे कळायचं ते आता कळेनासं झालंय, असं अण्णांचं म्हणणं होतं. याला कारण त्या दिवशी सकाळी आलेलं पत्र. मुंबईच्या एका कंपनीला आम्ही चार मोटारींच्या सीटसाठी कातडं पुरवलं होतं. चारही गाड्यांची सीटं दोन-दोन रंगांची झाली, अशी तिची तक्रार होती. पत्र इंग्रजीत होतं, त्यामुळे अण्णांना त्याचा मराठीत अर्थ मीच सांगितला होता.

चाचांचा अंगठा शाबूत आहे हे मला माहीत होतं. आणखी एका बाईंना माहीत होतं. आम्ही दोघीही काही बोललो नव्हतो.

कोल्हापूर आणि चामडं म्हटलं की लोक पायांकडे बघतात. एसटीत शेजारी बसलेली बाई विचारते, “कुठं असतीस कामाला?” चामड्याच्या कारखान्यात, असं म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: “मग आमच्या मालकांस्नी एक जोड बघ की, आठ नंबर.” आम्ही चपला करत नाही, मोटारींच्या आतलं चामडं करतो, हे मी गेल्या बारा वर्षांत किती जणींना सांगितलं त्याचा हिशेब नाही. त्यावर एक बाई म्हणाली होती, “मोटारीला आतनं कातडं असतंय व्हय? मला वाटलं फकस्त इंजन.”

अण्णांचे आजोबा संस्थानच्या काळात खोगिरं आणि बग्ग्यांच्या गाद्या करायचे. मोटारी आल्यावर वडिलांनी त्याच टेबलावर, त्याच दाभणांनी मोटारींच्या गाद्या शिवायला घेतल्या. अण्णांनी शिवणकाम बंद केलं आणि नुसतं कातडं तयार करून पुण्या-मुंबईच्या सीटवाल्यांना पुरवायला लागले. मग रेक्झिन आलं. ते स्वस्त होतं, ओल्या फडक्यानं पुसता यायचं आणि एकाच रंगाचं पाहिजे तितकं मिळायचं. जनावराला तसं जमत नाही. आमच्याकडे उरले ते जुन्या गाड्यांचे शौकीन, काही हॉटेलं, आणि रेक्झिनवर बसणं कमीपणाचं मानणारे थोडे लोक.

मी लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. इंग्रजी पत्रव्यवहाराला माणूस हवा होता. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं. शाळेत मराठी बोललं की वहीत नाव जायचं आणि घरी इंग्रजी बोललं की सगळे हसायचे, त्यामुळे मी दोन्ही भाषांत गप्प बसायला शिकले होते. अण्णांनी मला एक पत्र वाचायला दिलं, अर्थ विचारला आणि बापूंना म्हणाले, “बोलती कमी. बरं हाय. आपल्याकडं बोलणारी लई हाईत.”

पहिले काही महिने मी शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. वासाचं कारण सांगायचे, ते खोटं नव्हतं. पण माणसांचं कारण मोठं होतं. मग एकदा गिऱ्हाइकानं विचारलं की तुमच्या कातड्यात मानेचा भाग किती धरता. मला मान कुठे ते माहीत नव्हतं. मी चाचांकडे गेले.

चाचांनी एक आख्खं कातडं टेबलावर पसरलं. म्हशीचं किंवा रेड्याचं कातडं पसरलं की एखाद्या तालुक्याच्या नकाशाएवढं वाटतं. मधला पाठीचा पट्टा सगळ्यात घट्ट. सीटचा बसायचा भाग त्यातून काढायचा. पोटाकडचं सैल असतं, त्याला ताण दिला की ते परत येत नाही. ते दाराच्या आतल्या बाजूला चालतं. मानेवर घड्या असतात. पायांचा उपयोग जवळजवळ नाहीच.

“हा रेडा चंदगडकडचा,” चाचा अंगठा फिरवत म्हणाले. “सारा जलम पावसात उभा ऱ्हायलाय. हे बघ, गोचिडांनी खाल्लेलं. आन् हितं पुठ्ठ्यावर बारीक भोकं हाईत न्हवं? पराणी टोचलीया. मालक तापट व्हता.”

दुसरं कातडं त्यांनी ओढलं. “ही म्हस मात्र लाडाची. कुणाच्या परड्यात बसून खाल्लंय हिनं. पर हितं डागलीया. पोट फुगलं असंल, तर कुणीतरी सांगितलं, तापवा विळा.”

त्यांनी हे सगळं मला दाखवलं ते मी मालकाच्या ऑफिसातली म्हणून नाही. कुणी विचारलं की ते दाखवायचे. एवढंच की बारा माणसांच्या शेडमध्ये कुणी विचारत नसे.

आता खाचांविषयी. हे समजलं नाही तर पुढचं समजणार नाही.

आम्ही कातडं हिरड्याच्या आणि बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरवायचो, दगडी हौदांत, काही आठवडे. प्रत्येक हौदाचं पाणी वेगळं उतरतं. साल जुनी की नवी, पाणी विहिरीचं की नळाचं, हौद उन्हात की भिंतीच्या सावलीत, सगळ्याचा परिणाम होतो. बाहेर काढून वाळवलं, तेल दिलं, घासलं की चार हौदांतलं कातडं डोळ्यांना एकसारखंच दिसतं. फरक नंतर कळतो. मोटार उन्हात उभी राहायला लागली की कातडं रंग धरतं, आणि प्रत्येक हौद आपापला रंग धरतो. म्हणून नियम असा, की एका मोटारीला एकाच हौदातलं कातडं. आणि कुठलं कातडं कुठल्या हौदातलं हे डोळ्यांना दिसत नसल्यामुळे, ते ओलं बाहेर येतानाच चाचा त्याच्या मागच्या पायाच्या कडेला सुरीनं बारीक खाचा करायचे. पहिल्या हौदाला एक, दुसऱ्याला दोन, असं. पायच का, तर तो भाग वाया जाणाराच असतो. शेवटी सीट कापणारा तो फेकून देतो. या खाचा चाचा बघायचे नाहीत, अंगठ्यानं मोजायचे. गठ्ठा बांधताना त्यांचं लक्ष भलतीकडे असायचं, बोलणं चालू असायचं, आणि अंगठा कडेवरून फिरत असायचा.

हे कुठल्याही कागदावर नव्हतं. बाहेरच्या माणसाला त्या खाचा म्हणजे सोलताना सुरी निसटल्याच्या खुणा वाटाव्यात. मला तशाच वाटल्या होत्या. चाचांनी मला पाठ दाखवली, पोट दाखवलं, मान दाखवली. पायांविषयी मी विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

गिऱ्हाइकांबद्दल लिहावं तितकं थोडं. एक सिनेमावाले होते. त्यांना नायिकेच्या मोटारीसाठी लालभडक सीट पाहिजे होती आणि सिनेमा काळा-पांढरा होता. अण्णांनी भीत भीत विचारलं, पडद्यावर लाल कसं कळणार? ते म्हणाले, “पडद्यावर नको कळू दे. बाईंना कळलं की त्यांचा चेहरा खुलतोय, आन् तो पडद्यावर दिसतोय.” सीट दिली. चेहरा खुलला की नाही ते मी पाहिलं नाही.

दुसरे एका साखर कारखान्याचे चेअरमन. त्यांच्या गाडीचं कातडं आमच्या माणसांनी चपलेच्या कातड्यासारखं भरपूर तेल पाजून मऊ केलं, आणि आपण फार चांगलं काम केलं म्हणून सगळे खूष होते. चपलेवर कुणी धोतर नेसून बसत नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. भर उन्हाळ्यात चेअरमनसाहेब एका शाळेच्या कार्यक्रमाला गेले, भाषणाला उभे राहिले, हारासाठी पाठमोरे वळले, आणि त्यांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर आमच्या सीटची शिवण जशीच्या तशी छापलेली आख्ख्या गावानं पाहिली. दुसऱ्या दिवशी अण्णा नवं धोतर घेऊन माफी मागायला गेले. चेअरमन म्हणाले, “विरोधकांस्नी धा वर्सांत आमच्यावर एक डाग लावता आला न्हाय. तुमी एका दुपारात लावलासा.”

त्या वेळी कुणाला घरी बसवलं नाही. चूक सगळ्यांची होती आणि चेअरमन हसले होते. मुंबईची कंपनी हसणाऱ्यांतली नव्हती.

ही कंपनी जुन्या मोटारी घेऊन, नव्यासारख्या करून हॉटेलांना द्यायची. पाहुण्यांना आणायला-सोडायला. चार गाड्यांचं काम आमच्याकडे आलं. हे पसंत पडलं तर पुढच्या सगळ्या गाड्यांचं देऊ, असं पत्रात होतं. रेक्झिनमुळे शेडचा अर्धा भाग रिकामा पडला होता, त्यामुळे त्या वाक्याचा मी मराठीत अर्थ सांगितल्यावर अण्णांनी ते आणखी दोनदा सांगायला लावलं. चाचांनी चार हौद लावले. एका गाडीला सहा, अशी चोवीस कातडी. तयार झाल्यावर त्यांनी चार ढीग रचले आणि ते पुतण्याच्या लग्नाला आजऱ्याला गेले. अण्णाही त्या दोन दिवसांत पुण्याला होते.

तेवढ्यात कंपनीचं आणखी एक पत्र आलं. कातडी पाठवताना कडा सरळ कापून, पाय आणि शेपटीचा भाग काढून पाठवावी, असं त्यात होतं. अण्णा जाताना म्हणाले होते, “पत्र आलं तर त्याप्रमाणं काय असंल ते करून घे.” मी पत्र घेऊन शेडमध्ये गेले. कडा साफ करण्याचं काम शेवंताबाई करायच्या. माझ्या आईच्या वयाच्या, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून बसायच्या.

“पाय कापायचं?” त्या म्हणाल्या. “बाई, त्यावर चाचांच्या खाचा हाईत.”

मी पत्राकडे पाहिलं. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर विचारलं असतं, कसल्या खाचा? मला प्रश्न विचारला की आपल्याला माहीत नाही हे उघड होतं, असं वाटायचं. मी म्हणाले, “कागदावर असंच आहे.”

“मग काय,” शेवंताबाई म्हणाल्या. “कागुद म्हंजे कागुद.”

चारही ढीग त्यांनी एकामागून एक टेबलावर घेतले. कापून झालेली कातडी सगळी एका बाजूला एकत्रच पडत गेली. संध्याकाळी ती परत रचताना मी शेजारी उभी होते आणि मोजत होते: सहा, सहा, सहा, सहा. मला सगळी एकाच रंगाची दिसत होती. कडा सरळ झाल्यामुळे ढीग फार नीटनेटके दिसत होते. मला बरं वाटलं, हेही लिहायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी चाचा आले. डोक्यावर नवी टोपी होती आणि माझ्यासाठी त्यांनी फडक्यात बांधून काजू आणले होते. ढिगांशी गेले, अंगठा कडेला लावला आणि थांबले.

“पाय काढलं जनू.”

“मुंबईचं पत्र आलं,” मी म्हणाले.

“बरं. त्यांचा माल, त्यांची मर्जी.” मग त्यांनी सहज विचारलं, “ढीग मोडलं न्हाईत न्हवं?”

शेवंताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यावरून मला पहिल्यांदा कळलं की काहीतरी झालंय. नेमकं काय ते कळलं नव्हतं. मी म्हणाले, “नाही.”

“मग झालं,” चाचा म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी चार गठ्ठे बांधले.

खाचा कशासाठी असतात हे मला शेवंताबाईंनी त्याच आठवड्यात, डबा खाताना सांगितलं. त्यांना मला दोष द्यायचा नव्हता. “मी बोलाय पायजे व्हतं जरा जोरात,” एवढंच म्हणाल्या. तोवर गठ्ठे मुंबईला पोहोचले होते. माल परत मागवता आला असता. मी स्वतःला सांगितलं की कदाचित रंग सारखाच येईल.

पत्र यायला चार-पाच महिने लागले. तेवढ्या उन्हात सीटं पिकली होती.

अण्णांचं आणि बापूंचं बोलणं मी ऐकलं, त्याच दुपारी शेडमध्ये गेले. चाचांना तक्रार कळली होती. ते खाली बसले होते. समोर कातड्याचे तुकडे होते. शेवंताबाई त्यांवर सुरीनं खाचा करून एकेक तुकडा त्यांच्या हातात देत होत्या. चाचांनी डोळे मिटले होते.

“तीन,” चाचा म्हणाले.

“तीनच.”

“एक.”

“व्हय.”

“चार. न्हाय, थांब. चार.”

“चारच हाईत, चाचा. झालं की आता. उठा.”

“समदं बरोबर येतंय,” चाचा डोळे उघडून म्हणाले. “मग ते कसं चुकलं गं, शेवंता?”

शेवंताबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या सुरी पुसत राहिल्या. त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर त्यांची नोकरी गेली असती असं नाही. पण ऑफिसातल्या शिकलेल्या बाईचं नाव शेडमधून घ्यायचं नसतं, असा एक नियम होता. तोही कुठल्या कागदावर नव्हता.

मी परत येऊन टेबलाशी बसले. तीन दिवसांनी कंपनीचे तपासणीचे साहेब येणार होते. त्या तीन दिवसांत मी अण्णांच्या टेबलासमोर चार वेळा जाऊन उभी राहिले. प्रत्येक वेळी त्यांनी “काय गं, बाळ?” म्हणून विचारलं, आणि प्रत्येक वेळी मी सहीसाठी एखादा कागद पुढे केला. एकदा तर सही झालेलाच.

आज आमच्याकडून कुठल्याही गिऱ्हाइकाला पत्र जातं तेव्हा त्यात एक वाक्य असतं: कातड्याचे पाय कापलेले नसतील, आपल्या सोयीने कापावेत. कुणी कारण विचारत नाही. ते वाक्य मीच घातलेलं आहे, त्या तपासणीनंतर.

साहेब आले ते सोबत एक सीट घेऊनच आले. ती टेबलावर ठेवली. पाठीचा भाग मधाच्या रंगाचा होता आणि बसायचा भाग पानातल्या कातासारखा. दोन्ही रंग सुंदर होते. साहेब दक्षिणेकडचे, मराठी अजिबात नव्हतं, हिंदी जेमतेम. आवाज न चढवता ते इंग्रजीत म्हणाले की त्यांना दोनच गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हे कसं झालं, आणि पुढच्या मालात होणार नाही याची खात्री काय?

मी ते मराठीत सांगितलं. अण्णांनी उत्तर तयारच ठेवलं होतं. चाचांना त्यांनी बोलावून घेतलं होतं. ते दाराशी उभे होते. शेवंताबाई त्यांच्या मागे, हातात पाण्याचा तांब्या घेऊन.

“सांग त्यास्नी, बाळ,” अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता. चाचांकडे न बघता बोलत होते. “म्हणावं, आमचा माणूस म्हातारा झाला. चाळीस वर्सं चांगलं काम केलं, पर आता हाताची पारख गेली. ह्या म्हैन्यापास्नं त्याला घरी बसवतोय. नवा माणूस ठेवतोय.”

साहेब पेन उघडून माझ्याकडे बघत होते. म्हातारा झाला, पारख गेली, घरी बसवतोय. इंग्रजीत त्याचं एक चांगलं, सभ्य वाक्य होत होतं. ते माझ्या तोंडात तयार होतं आणि त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

मी थांबलेली बघून चाचांना वाटलं की मला त्यांचा संकोच होतोय. ते दारातूनच म्हणाले, “सांग की, पोरी. त्यात काय? चूक माझीच हाय.”

बापू म्हणाले, “आवं, बोला की बाई लवकर. साहेबांस्नी गाडी गाठायची हाय.”

मी साहेबांकडून तोंड वळवून अण्णांकडे केलं. आवाज बारीक निघेल असं वाटलं होतं, पण तो शेडपर्यंत गेला असावा, कारण तिकडचं घासणं थांबलं.

“अण्णा, चाचांचे ढीग बरोबर होते. ते आजऱ्याला गेले तेव्हा खाचा मी कापायला लावल्या आणि ढीग माझ्यासमोर मोडले. शेवंताबाईंनी मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. चाचांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. हे मी साहेबांना इंग्रजीत सांगणारच आहे. पण आधी चाचांना मराठीत कळू दे.”